सुपा, मार्गे पोर्ट ब्लेअर

बोरवाडी, ता. राहुरी
१४ सप्टेंबर १९७०

प्रिय शमू,

तुझं पत्र पोस्टमनने ऐन माझ्या निरोपाच्या समारंभात आणून दिलं. एका हातात सत्काराचा नारळ आणि दुसऱ्या हातात अंदमानचं पाकीट. भाषण करायला उठलो ते तुझंच पत्र वाचून दाखवलं आणि खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं भाषण ऐकावं लागलं नाही म्हणून असतील.

तू लिहितोस, ‘नोकरी संपली, आता सबबही संपली, या.’ खरं आहे. वीस वर्षं तू बोलावतो आहेस आणि वीस वर्षं मी ‘पुढल्या सुटीत’ म्हणतो आहे. चौथीच्या पोरांपुढे नकाशा टांगून बंगालच्या उपसागरात छडी टेकवायची आणि सांगायचं, ‘इथे माझा मित्र कंपाउंडर आहे.’ त्यापायी पोरांनी माझं नाव ‘अंदमान मास्तर’ पाडलं. आणि अंदमान मास्तरांनी साधा मुंबईचा समुद्रसुद्धा पाहिलेला नाही! भरती-ओहोटी मी परातीत पाणी घेऊन शिकवली.

आता येतो. मूलबाळ नाही, तेव्हा मागे अडवणारं काही नाही. मनकर्णा तर मी विचारायच्या आधीच हो म्हणाली. राहिला कानिफदादा. तुला माहीत आहे, वडील गेल्यावर त्याने चौथीतून शाळा सोडली, नांगर धरला आणि मला तुमच्या नगरच्या बोर्डिंगात ठेवलं. आजही घरात त्याला विचारल्याशिवाय मी काही करत नाही, आणि गंमत अशी की तोही मला विचारल्याशिवाय काही करत नाही. बैल घ्यायचा तरी ‘रंगूला ईचारतो’ म्हणतो. रंगूला बैलातलं काय कळतं?

त्याला सांगितलं तर म्हणाला, “काळ्या पान्याला? कुनाचा खून केलास?” दुसऱ्या दिवशी मात्र गावभर त्यानेच सांगितलं होतं.

तुझा
रंगनाथ

पोर्ट ब्लेअर
५ ऑक्टोबर १९७०

प्रिय रंगनाथ,

तुला आणि मनकर्णावहिनींना सप्रेम सलाम.

पत्र वाचलं आणि प्रथम मार्थाच्या फोटोसमोर जाऊन सांगितलं. ती गेल्यापासून या घरात मराठी बोलायला कोणी नाही. कधी कधी मी भांडी घासताना मराठीत बडबडतो, शेजारचा मद्रासी मला वेडा समजतो.

आता नीट ऐक. दौंडहून मद्रास, मद्रासहून बोट. बोट तीन-चार दिवस घेते आणि पंधरवड्याने एखादी असते, तेव्हा चुकवू नकोस. पोटात ढवळलं तर लिंबाचं लोणचं चाटायचं आणि दूरच्या पाण्याकडे बघायचं, जवळच्या पाण्याकडे नाही. लोकरीचं काही आणू नका. बाजरीचं पीठ आणा, शेंगदाण्याची चटणी आणा. तुमच्यासाठी समुद्राकडची खोली ठेवली आहे. खिडकी उघडली की पाणी. रोज संध्याकाळी शंख वेचायला जाऊ, आणि एक दिवस होडीने पलीकडच्या लहान बेटावर. तिथे माणूस राहत नाही, नुसती नारळाची झाडं.

आणखी एक काम. माझं सुप्याचं दोन खोल्यांचं घर बंद आहे. किल्ली शेजारीच राहणाऱ्या बहिणीकडे, मरियाकडे असते. परत जाताना चार दिवस तिथे उतरा आणि छपराचं काय झालंय ते बघून मला कळवा.

टपाल इथे बोटीनेच येतं-जातं. पत्राला उशीर झाला तर रुसू नकोस.

तुझा
शमुवेल

बोरवाडी
१० जानेवारी १९७१

प्रिय शमू,

वीस तारखेला निघतो. तिकिटं झाली. मनकर्णेने ट्रंक चार वेळा भरली आणि पाच वेळा उपसली.

इकडे दादाने माझी पुरती शोभा मांडली आहे. आपल्याकडे काशी-रामेश्वरला निघालेल्या माणसाला ओवाळून, वाजवत गाजवत शिवेबाहेर घालतात, ते तू पाहिलं आहेस. शिवेबाहेर घातलेला माणूस यात्रा पुरी केल्याशिवाय परत शिवेत पाऊल टाकत नाही, टाकलं तर घराला बाधतं म्हणतात. मी म्हटलं, “दादा, ही यात्रा नाही, सहल आहे.” तर म्हणतो, “समिंदर मधी आला की यात्राच. आपल्या घरातून कुनी समिंदर बघितलाय?” त्याने मुलाला, आसारामला, धाडून हलगीवाले सांगून ठेवलेत. परत आल्यावर मावंद्याचं गावजेवण घालायला गव्हाची कणगी वेगळी लिंपून ठेवली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही.

घरोघरून बायका सुपाऱ्या आणून देताहेत, आमच्या नावाने समुद्राला घाला म्हणून. दादाने स्वतःच्या झाडाचा नारळ दिला, शेंडी न काढलेला. मला म्हणाला, “माज्या नावानं सोड. मी काय आता जात न्हाई, माजा नारळ तरी जाऊ दे.” मला एकदम भरून आलं, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो.

भेटूच.

रंगनाथ

सुपा
२ फेब्रुवारी १९७१

शमू,

वरचं गाव वाचून चमकला असशील. मी सुप्यात आहे, तुझ्या घरात. बोट चुकली नाही. मी चुकलो.

सगळं लिहितो, कारण तुझ्याशिवाय लिहायला कोणी नाही. मद्रासला वेळेवर पोचलो. लांबून समुद्र पाहिला, छान वाटलं, मनकर्णेला अक्षांश-रेखांशही सांगितले. बंदरावर गेलो. हमाल ट्रंक घेऊन वर गेला, त्याच्यामागे मनकर्णा. माझी पाळी आली. शमू, बोट आणि धक्का यांच्यामध्ये हातभर फट होती. मी त्या फटीतून खाली बघितलं. तू लिहिलं होतंस जवळचं पाणी बघू नकोस, मी तेच बघितलं. काळं, तेलकट पाणी, आणि ते आतल्या आत वर येत होतं, खाली जात होतं. माझे पाय गेले. गेले म्हणजे होते, पण माझे नव्हते. मागून लोक ढकलत होते. मनकर्णा फळीवरून वळून म्हणाली, “चला की.” मी तिथेच धक्क्यावर मटकन बसलो आणि अंदमान मास्तर लहान पोरासारखा रडला. ती खाली उतरली. ट्रंक खाली आली. बोट भोंगा देऊन गेली.

दौंडला मनकर्णा म्हणाली, “घरी चला. सांगू, भ्यालो. माणूस भितं.” मी नाही म्हटलं. कोणत्या तोंडाने जाऊ? हलगी वाजवत शिवेपर्यंत पोचवलं मला. शाळेच्या पोरांनी लेझीम खेळली. दादा शेवटपर्यंत टोपी हलवत उभा होता, एस. टी. दिसेनाशी झाली तरी. आणि आता यात्रा न करता शिवेत पाऊल टाकू? दादाचा या गोष्टींवर विश्वास आहे. उद्या त्याच्या घरात काही बरंवाईट झालं तर तो बोलणार नाही, पण मनात म्हणेल.

नगरला गल्लीगल्लीत आमच्याकडची माणसं. म्हणून इथे सुप्यात आलो. मरियाताईंनी काही न विचारता किल्ली दिली.

आता तू एवढं कर. सोबत दादाला लिहिलेलं पत्र आहे, त्यात तुझं घर, खिडकी, शंख, सगळं लिहिलं आहे. त्याचा नारळ सोडला हेही. ते तिथून टाक, म्हणजे तिथला शिक्का पडेल. दादा तुझ्या पत्त्यावर लिहील, ते मला इकडे पाठव. दोन-तीन महिने काढतो, मग ‘परत’ जातो.

नारळ अजून ट्रंकेतच आहे.

रंगनाथ

पोर्ट ब्लेअर
१९ फेब्रुवारी १९७१

प्रिय रंगनाथ,

सलाम. बोट आली तेव्हा मी धक्क्यावर होतो. शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबलो. घरी येऊन दोन ताटं परत फडताळात ठेवली.

तुझा राग नाही. पहिल्यांदा मीही त्या फटीपाशी थांबलो होतो, मार्थाने मागून ढोसलं म्हणून चढलो. पण हे पत्रांचं मला पसंत नाही. तू घरापासून दोन एस. टी. अंतरावर बसला आहेस आणि तुझी खुशाली समुद्र ओलांडून येऊन परत समुद्र ओलांडून जाणार. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? वहिनींचं ऐक, घरी जा.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. पत्र टाकलं. दादांची पत्रं आली की पाठवीन, न उघडता. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हे आपल्याला बोर्डिंगात छडीने शिकवलं आहे, आणि तुझ्या खोट्यात माझा हात मनगटापर्यंत आहे तेवढा पुरे.

शमुवेल

(कानिफनाथ यांचं पत्र. पोर्ट ब्लेअरच्या पत्त्यावर आलेलं, तिथून न उघडता सुप्याला पाठवलेलं.)

बोरवाडी
७ मार्च १९७१

चिरंजीव रंगूस कानिफदादाचा आशीर्वाद. आमी समदी खुशाल. तुजं पत्र पावलं. पारावर बसून मोट्यानं वाचून दावलं. खिडकी उघडली की पानी, हे तर लोकांनी तीनदा वाचाय लावलं. माजा नारळ सोडलास, बरं वाटलं. आता मी मेलो तरी समिंदरात माजं कायतरी हाय.

हितं इलेक्शनचा धुरळा हुता, तो बसला. आसारामनं कांदा काडला. तुज्या वयनीनं, म्हंजी रतनबाईनं, तुज्यासाटी कुरडया घातल्यात. मला बाभळीचा काटा मोडलाय टाचंत. सुईनं काडला, पर जखम सुकंना. राहुरीच्या डाक्टरनं तपासलं तर म्हनतो, लघवीत साखर हाय. मी म्हनलं, वा रं वा, ऊस घातला कारखान्याला आन साखर निगाली माज्यात. तू काळजी करू नको.

रंगू, तिकडं करमत नसंल तर कवाबी ये. यात्रा किती दिसाची करायची ह्याचा काय कायदा न्हाई. शिवेचं काय मनावर घ्यायचं नसतं. शीव आपल्याच बांधाला लागून हाय, तू ये, मी हुबा ऱ्हातो. कुनी काय म्हननार न्हाई. म्हनला तर मी हाय.

मनकर्णेला आशीर्वाद. तिला पानी लांबून आनावं लागत न्हाई ना तितं?

तुजा दादा

सुपा
२ एप्रिल १९७१

प्रिय शमू,

दादाचं पत्र मिळालं. वाचून हसलो आणि रडलोही. बिचारा किती भोळा आहे बघ! खिडकीची गोष्ट पारावर तीनदा वाचून दाखवली. मला वाटलं होतं मनात टोचेल, पण खरं सांगू, बरं वाटलं. त्याला आनंद झाला. खोटं का होईना, पण मी त्याला समुद्र दाखवला.

मनकर्णेचं मात्र बिनसलं आहे. पत्र ऐकल्यापासून म्हणते, “भाऊजी बोलावतायत, चला.” मी म्हटलं, तो बोलावत नाही, माया करतो आहे. तर म्हणते, “टाचेला जखम आहे, साखर आहे.” मी म्हटलं, अगं, बाभळीच्या काट्याने आमच्या खानदानात कोणी मेलं नाही, आम्ही काट्यांतच वाढलो. बायकांना सगळीकडे अपशकुन दिसतात.

जायचं ते नीट जाऊ. रिकाम्या हाताने अंदमानहून कोण येतं? गावाला शंख कबूल केले आहेत, पोरांना शिंपले. तेव्हा तू एक पार्सल पाठव. टोपलीभर शंख-शिंपले, आणि एका बाटलीत समुद्राचं पाणी, लाख लावून बंद केलेलं. काशीहून गंगा आणतात तसं. ते हातात पडलं की दुसऱ्या दिवशी निघतो. दादाला सोबतच्या पत्रात लिहिलं आहे की शमुवेल सोडत नाही, म्हणून आणखी एक बोट थांबतो.

तुझं छप्पर गळतं. पावसाच्या आत कौलं फिरवायला हवीत.

रंगनाथ

पोर्ट ब्लेअर
१५ एप्रिल १९७१

प्रिय रंगनाथ,

सलाम. तुझ्या हुकुमाप्रमाणे दोन संध्याकाळी वाकून वाकून शंख वेचले. कंबर धरली. बाटली भरली आहे, भुशात नीट बसवली आहे.

गेल्या टपालाने दादांचं आणखी एक पत्र आलं होतं. वेगळं पाकीट कशाला म्हणून तेही पार्सलातच ठेवलं आहे, वरच, शंखांच्या खाली जाऊ दिलं नाही. पार्सल याच बोटीने निघतंय, पण मद्रासहून पुढे मालगाडीने येईल, तेव्हा या पत्रामागून आठ-दहा दिवसांनी पोचेल.

त्यानंतर तरी घरी जा.

शमुवेल

(कानिफनाथ यांचं पत्र. पार्सलात, शंखांवर ठेवलेलं. सुप्याला पोचलं ५ मे रोजी.)

बोरवाडी
२९ मार्च १९७१

चि. रंगूस आशीर्वाद. एक गोष्ट ईचारायची हाय म्हनून लिवतो.

पायाची दोन बोटं काळी पडल्यात. दुकत न्हाई, उलटं कळतच न्हाई, लाकडासारकी झाल्यात. राहुरीचा डाक्टर म्हनतो, नगरला मोट्या दवाखान्यात न्या, पाय घोट्याच्या वर कापावा लागंल, आताच कापला तर जगाल. आसाराम म्हनतो चला. तुजी वयनी रडती. मी म्हनलं, रंगूला ईचारल्याबिगर मी काय करत न्हाई. आजवर केलं न्हाई. एका पायानं शेतकऱ्यानं काय करायचं, हे मला कळंना. तू शिकलेला हाईस. काप म्हनलास तर कापतो, नको म्हनलास तर नको.

आसाराम तार करू म्हनत हुता. मी करू दिली न्हाई. तार म्हंजी मेल्याची खबर, तुमी तितं दोगंच, हबकून जाशील. आन तुजी यात्रा अर्धी मोडंल. तू लांब हाईस, जवळ असतास तर आलाच असतास, हे मला ठावं हाय.

तवा सवडीनं कळव. मी थांबतो.

तुजा दादा

बोरवाडी
१८ मे १९७१

शमू,

दादा गेला.

पार्सल आलं त्या दिवशी दुपारीच निघालो. पत्र वाचून झाल्यावर मनकर्णेने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रंक उचलली. मी शंखांची टोपली उचलली. एवढ्यातही टोपली उचलली मी! शिवेपाशी उतरलो तर मारुतीच्या देवळातली माणसं उठून उभी राहिली. “गुरुजी आले, समुद्रापल्याडून आले,” म्हणत एकजण पुढे धावला. कोणी माझ्या पाया पडलं.

दादा पडवीत होता. गुडघ्यापर्यंत पाय काळा होता आणि वास होता. अंगात ताप. मी म्हटलं, “दादा, चल, आत्ताच्या आत्ता नगरला.” पण त्याला हलवता येत नव्हतं. नगरचे डॉक्टरच दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले. म्हणाले, महिन्यापूर्वी आणायचं होतं, आता विष वर चढलं आहे.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. म्हटलं, “दादा, मला एक सांगायचंय.” त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, “ते ऱ्हाऊ दे. बोट लौकर गावली म्हनायची. आदी मला समिंदर सांग.” मग मी सांगितला. खिडकी सांगितली, निळं पाणी सांगितलं, त्याचा नारळ लाटेवर कसा डोलत गेला ते सांगितलं. बाटलीतलं पाणी त्याच्या ओठांना लावलं. “खारट हाय रं,” म्हणाला आणि हसला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

मी ‘काप’ एवढा एक शब्द सांगायचा होता. दोन एस. टी. अंतरावरून. तो पाच आठवडे थांबला त्या शब्दासाठी.

एवढंच एक समाधान उरलं आहे, त्यावर जगतो आहे. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊ समुद्र पाहून आला, असं समजून तो गेला.

रंगनाथ

पोर्ट ब्लेअर
३ जून १९७१

प्रिय रंगनाथ,

प्रभू तुम्हा सर्वांना धीर देवो. याहून जास्त काही लिहिता येत नाही.

पण एक लिहायलाच हवं. मी कंपाउंडर आहे. बोटं काळी पडली, दुखत नाहीत, ही एक ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली असती तर त्याच दिवशी तुला तार केली असती. पत्र पाच दिवस माझ्या टेबलावर होतं. मी ते उघडलं नाही आणि शंखांवर ठेवून दिलं. एका पाकिटाचं तिकीट वाचवलं. आता दवाखान्यात कुणाच्या पायाला पट्टी बांधायला बसलो की हात थांबतो. तू माझा दोष काढला नाहीस, तो काढ, म्हणजे मला बरं वाटेल.

शमुवेल

बोरवाडी
२० जून १९७१

शमुवेल भाऊजींस मनकर्णेचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि उशाखाली ठेवून दिलं. उत्तर लिहवत नाही म्हणतात. म्हणून मी लिहिते आहे, यांना न सांगता. सातवीपर्यंत शिकले आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुमचा दोष नाही. कुणाचा किती दोष हे मोजत बसले तर माझाही निघेल. दौंडला मी यांचं ऐकायला नको होतं. एकटीने घरी येऊन सांगायला हवं होतं. नवऱ्याची लाज झाकण्यात मी तीन महिने सुप्याच्या आडावर पदर ओढून पाणी भरलं.

आता जे सांगते ते तुमच्यापाशीच ठेवा. आमच्या थोरल्या भाऊजींचा दहावा झाल्यावर रतनबाईंनी मला गोठ्यात बोलावलं. म्हणाल्या, “मने, त्यास्नी ठावं हुतं.”

फेब्रुवारीत आसाराम बैल बघायला सुप्याच्या बाजारात गेला होता. त्याने मला आडावर पाहिलं. हंडा डोक्यावर होता, ओळखलं. माझ्या मागे मागे घरापर्यंत आला आणि दारात हे पेपर वाचत बसलेले पाहिले. हाक न मारता परत गेला आणि बापाला सांगितलं. भाऊजी म्हणाले, “भ्याला असंल. ल्हानपनी हिरीत उतरायला बी भ्यायचा.” आसारामला आणि रतनबाईंना शपथ घातली, हे तोंडातून बाहेर काढायचं नाही. “वाजवत घातलाय त्याला शिवेबाहेर, ते माजं चुकलं. आता त्यानं आपल्या पायानं यायला पायजे. आपुन आनला तर जन्मभर मान खाली घालंल.”

त्यानंतर तुमच्याकडून यांचं पहिलं पत्र आलं. ते भाऊजींनी पारावर मोठ्याने वाचलं. रतनबाई म्हणाल्या, नेहमीपेक्षा आवाज चढवून वाचलं, कुणाला शंका येऊ नये म्हणून. आणि उत्तर लिहिताना दोन दिवस घेतले. ‘कवाबी ये, मी हुबा ऱ्हातो’ असं लिहिलं. दार उघडून ठेवलं होतं हो त्यांनी. यांनी ते वाचून ‘भोळा आहे’ म्हटलं. तिला पाणी लांबून आणावं लागत नाही ना, असं माझ्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा मीसुद्धा ओळखलं नाही.

पाय काळा पडला तेव्हा आसाराम सुप्याला यायला निघाला होता. भाऊजी म्हणाले, “गेलास तर औषध तोंडात घेनार न्हाई.” पत्र मात्र तुमच्याच पत्त्यावर लिहिलं. ते कुठून कुठे जाऊन येणार हे त्यांना ठाऊक होतं. रतनबाईंनी विचारलं, पाय मोठा की भावाची लाज मोठी? तर म्हणाले, “रंगू यील. पत्र गावलं की यील. तवर काय हुत न्हाई.” त्यांनाही वाटलं नव्हतं हो, इतकं लवकर होईल म्हणून. मरायचं नव्हतं त्यांना.

शेवटी समुद्र सांग म्हणाले तेव्हा मी पायाशी बसले होते. माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं तापात हसताहेत.

मावंद्याच्या कणगीतला गहू तेराव्याला दळला. तेवढीच पंगत झाली. लोक जेवताना यांचं कौतुक करत होते, भावासाठी समुद्र ओलांडून धावत आले म्हणून. हे मान खाली घालून वाढत होते. शाळा उघडल्यापासून दर शनिवारी पोरं यांना समुद्र सांगायला बोलावतात. हे जातात. सांगितल्याशिवाय सोडत नाहीत म्हणतात. येऊन जेवत नाहीत.

भाऊजींना ठाऊक होतं हे यांना कधीच कळता कामा नये. तेवढ्या एका समाधानावर हे उभे आहेत, ते काढलं तर या घरातून दुसरी तिरडी निघेल. तुमच्या पत्रात चुकूनही येऊ देऊ नका. मलाही उत्तर पाठवू नका, पोस्टमन पत्र यांच्याच हातात देतो.

वेगळं पार्सल केलं आहे. भाऊजींचा नारळ आहे. मद्रासला गेला, सुप्याला राहिला, घरी आला, पण ट्रंकेबाहेर निघाला नाही. आतलं पाणी वाळलं आहे, हलवला की आतला गोटा खुळखुळतो, पण फुटलेला नाही. शेंडीही आहे. मी स्वतः आले असते. मी भ्याले नव्हते, माझा एक पाय बोटीवर होता. पण यांना टाकून आता कुठे जाणार?

तुमच्या खिडकीसमोर जाऊन तेवढा सोडा. भाऊजींचं नाव घ्या, कानिफनाथ. आणि लाटेने परत काठाला आणला तर तिथे ठेवू नका, होडीने आत नेऊन सोडा.

मनकर्णा